पीआयडीला हात लावण्याआधी : ड्रोन बांधणाऱ्या वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच विचारणा आहे : पीआयडीचे, म्हणजे क्वाड (चार मोटरींचा ड्रोन) कसा सावरायचा हे ठरवणारे पी, आय आणि डी हे आकडे किती ठेवू? पण पत्रातली लक्षणे नीट वाचली की दोष आकड्यांत नसून स्क्रू, सोल्डर आणि वायरीत सापडतो. म्हणून उत्तरांची सुरुवातही तिथूनच केली आहे.

प्रश्न : पाच इंची प्रॉपचा (पंख्याचा) क्वाड पहिल्यांदाच बांधला. यूएसबीचे तोंड बाजूला यावे म्हणून फ्लाइट कंट्रोलर (तोल सांभाळणारा मुख्य बोर्ड) आणि फोर-इन-वन ईएससी (चारही मोटरींचा वेग सांभाळणारा बोर्ड) दोन्ही ९० अंशांत फिरवून बसवले. बीटाफ्लाइट या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच चूक दाखवत नाही, पण थ्रॉटल (मोटरींचा जोर) थोडा वाढवला की क्वाड दर वेळी उजवीकडे उलटतो. सहा प्रॉप तुटले. पी कमी करू का? (नाशिक)

उत्तर : पीला अजिबात हात लावू नका. दर वेळी एकाच बाजूला उलटतो, याचा अर्थ कंट्रोलर एका मोटरला ढकलतो आहे आणि फिरते आहे दुसरीच, किंवा त्याला ‘पुढे’ कुठे आहे हेच कळलेले नाही. तुम्ही दोन्ही बोर्ड फिरवले, म्हणजे हे दोन्ही दोष एकदम आले आहेत.

आधी चारही प्रॉप काढा. पुढचे सगळे प्रॉपशिवायच करायचे.

बीटाफ्लाइटचे सेटअप पान उघडा आणि क्वाडचे नाक हाताने खाली करा. पडद्यावरच्या चित्राचे नाकही खालीच गेले पाहिजे. उजवी बाजू खाली केली की चित्राची उजवी बाजू खाली. नाक खाली केल्यावर चित्र कुशीवर कलत असेल, तर कॉन्फिगरेशनमध्ये बोर्डच्या यॉ (आडव्या फिरण्याच्या) कोनात ९० किंवा २७० भरा. दोहोंपैकी कोणता, हे चित्र बघूनच ठरवा. बोर्डवरच्या बाणावरून मनात गणित करायला गेले की हमखास उलटा आकडा भरला जातो.

मग मोटर. बीटाफ्लाइटच्या हिशेबात १ नंबर मागची उजवी, २ पुढची उजवी, ३ मागची डावी, ४ पुढची डावी. फिरण्याची मूळ दिशा अशी : १ आणि ४ घड्याळाच्या काट्याप्रमाणे, २ आणि ३ उलट. तुमचा ईएससी फिरलेला असल्याने सगळे नंबर एक-एक घर सरकले असणार. मोटर्स पानावर क्रम लावण्याचे आणि दिशा बदलण्याचे बटण आहे. ते एकेक मोटर फिरवते आणि कोणती फिरली ते तुम्ही दाखवायचे. एकही वायर काढून पुन्हा सोल्डर करावी लागत नाही. दिशा डोळ्यांना कळत नसेल तर मोटरच्या घंटीला (बाहेरच्या फिरत्या भागाला) कागदाची पट्टी अलगद टेकवा. ती ज्या बाजूला ढकलली जाते ती दिशा.

शेवटी प्रॉप. पात्याची उंच, गोलसर कड फिरण्याच्या दिशेला पुढे हवी आणि आकडे छापलेली बाजू वर. दोन प्रॉपची अदलाबदल झाली तरी क्वाड असाच उलटतो. उलटण्याऐवजी तो जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरगरत असेल, तर चारही मोटरींची दिशा सेटिंगच्या उलट आहे असे समजा. आणि दर वेळी वेगळ्याच बाजूला उलटत असेल, तर एखाद्या मोटरच्या तीन वायरींपैकी एकीचा ड्राय (नीट न पकडलेला) सोल्डर शोधा.

एक गोष्ट अनेकांना घाबरवते म्हणून सांगतो. प्रॉप नसताना टेबलावर आर्म केले (मोटरी फिरण्याची परवानगी दिली) आणि थ्रॉटल थोडा दिला की मोटरी आपोआप वेग घेत जातात आणि थ्रॉटल खाली आणला तरी लवकर उतरत नाहीत. हा बिघाड नाही. क्वाड हलत नाही म्हणून कंट्रोलर सुधारणा साठवत राहतो, इतकेच.

नवीन जोडणीला पहिल्यांदा बॅटरी लावताना मध्ये स्मोक स्टॉपर (शॉर्ट असल्यास प्रवाह अडवणारे साधन) असलाच पाहिजे. विकत नसेल तर धन वायरीत गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा सिरीजमध्ये जोडा. दिवा क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बॅटरी तत्काळ काढा. त्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून मोटरचा स्क्रू आणि मोटरची वायर तपासा, बीप वाजता कामा नये. फ्रेमचा आर्म (मोटर बसते ती भुजा) ५ मिमी जाड असेल तर एम३×८ (३ मिमी जाड, ८ मिमी लांब) स्क्रू पुरतो. १० मिमीचा घातला तर तो आत वेटोळ्यांना टेकतो, वरचे एनॅमल खरवडतो आणि ईएससी जळतो. कार्बन फायबर वीज वाहून नेते हेही विसरू नका. आर्मच्या कडेवर घासलेली वायर हा शॉर्टचा दुसरा ठरलेला रस्ता आहे. तिथे कडा पॉलिश पेपरने मोडा आणि वायरीवर कापडी टेप गुंडाळा.

प्रश्न : २२०७ आकाराची मोटर, १९५० केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला इतके फेरे), ६एस (सहा सेलची) बॅटरी. मित्राचा क्वाड छान उडतो म्हणून त्याचेच पीआयडी आणि फिल्टर उतरवून घेतले. दोन मिनिटांत मोटरींना हात लाववत नाही आणि मधल्या थ्रॉटलवर घरघर ऐकू येते. डी किती कमी करू? (कोल्हापूर)

उत्तर : दुसऱ्याचे पीआयडी उतरवणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावणे. त्याची फ्रेम, त्याचे प्रॉप, त्याच्या बॅटरीचे वजन आणि मुख्य म्हणजे त्याच्या क्वाडमधली कंपने वेगळी आहेत.

मोटर का तापते ते आधी पाहू. डी हा घटक जायरोच्या (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) आकड्यात किती झपाट्याने बदल होतो त्यावर काम करतो. वाकलेल्या प्रॉपमुळे किंवा सैल स्क्रूमुळे जायरोला सेकंदाला शेकडो वेळा थरथर जाणवली, तर डी तीही खरी हालचाल समजतो आणि मोटरला तितक्याच वेळा कमी-जास्त व्हायचा हुकूम देतो. मोटर इतक्या लवकर वेग बदलू शकत नाही. ती सगळी वीज उष्णता होऊन वेटोळ्यांत जाते. म्हणून डी कमी केला तर ताप उतरेल हे खरे, पण थरथर तशीच राहील.

क्रम असा ठेवा. चारही प्रॉप नवे लावा. मोटरची घंटी बोटांत धरून वर-खाली आणि बाजूला हलवून पाहा. किंचितही खटका जाणवला तर बेअरिंग किंवा शाफ्ट गेला आहे. आर्मचे सगळे स्क्रू आवळा. याउलट फ्लाइट कंट्रोलरखालच्या रबरी बुशांवरचे नट जास्त आवळू नका. रबर चेपले की कंपन सरळ जायरोत उतरते. कंट्रोलरला कॅमेऱ्याची वायर, अँटेना किंवा बॅटरीचा पट्टा टेकलेला नाही ना? बॅटरीच्या वायरी जिथे ईएससीला सोल्डर होतात तिथेच ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅराड, लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर आहे ना? त्याचे पाय शक्य तितके आखूड ठेवा. लांब पायांच्या कपॅसिटरचा फारसा उपयोग होत नाही. या पत्राच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

मग आरपीएम फिल्टर, म्हणजे मोटरींच्या वेगानुसार थरथर गाळणारा फिल्टर. त्यासाठी दुतर्फा डीशॉट (कंट्रोलर आणि ईएससीमधला दोन्ही बाजूंचा संवाद) चालू हवा. बीएलहेली-एस प्रकारच्या ईएससीवर त्यासाठी ब्लूजे हे फर्मवेअर (बोर्डमधले सॉफ्टवेअर) टाकावे लागते, एएम३२ प्रकारावर ती सोय आधीच आहे. मोटरच्या चुंबकांची संख्या नीट भरा. २२०७ आणि २३०६ मध्ये ती १४ असते, खात्री नसेल तर घंटीत डोकावून मोजा. हा आकडा चुकला की फिल्टर भलत्याच वारंवारतेवर काम करतो आणि खरी थरथर तशीच पुढे जाते. मोटर्स पानावर चारही मोटरींपुढे चुकांचे प्रमाण ० टक्के दिसले पाहिजे.

आता पीआयडी आणि फिल्टरचे सगळे स्लायडर मूळ जागी आणा. अर्धा मिनिट एका जागी उडवा, उतरवा आणि मोटरीवर बोट ठेवा. पाच सेकंद ठेवता आले तर पुढे जा. एक मिनिट, मग दोन मिनिटे, आणि दर वेळी तीच बोटाची परीक्षा. चारांपैकी एकच मोटर तापत असेल तर तो ट्यूनिंगचा प्रश्न नाही. ती मोटर, तो प्रॉप किंवा तो आर्म पाहा.

इथपर्यंत सगळे थंड असेल तर ट्यूनिंगला सुरुवात करा. जोरात रोल करून एकदम थांबवा. थांबताना क्वाड एकदा पुढे जाऊन मागे झुलत असेल तर डॅम्पिंगचा (डी वाढवणारा) स्लायडर ०.१ ने वाढवा. झुलणे गेले की पी आणि डीचे हे प्रमाण तसेच ठेवून मास्टर मल्टिप्लायर (सगळे आकडे एकत्र वाढवणारा स्लायडर) ०.१ ने चढवत जा. एका टप्प्यावर पूर्ण थ्रॉटलला बारीक, कर्कश थरथर ऐकू येईल. तिथून दोन पायऱ्या मागे या आणि थांबा. आयचा स्लायडर सहसा हलवावा लागत नाही. सरळ रेषेत थ्रॉटल मारल्यावर नाक हळूहळू सरकत असेल तरच त्याला हात लावा.

स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत उतरताना होणारी थरथर, म्हणजे प्रॉपवॉश, पूर्ण जात नाही. ती कमी करायची तर फिल्टर थोडे सैल करावे लागतात, म्हणजे त्यांचा उशीर घटतो. पण ते फक्त यंत्र घट्ट आणि शांत असेल तरच. तेव्हाही प्रत्येक पायरीनंतर बोट मोटरीवर.

तुमच्या मोटरींना ६एस चालते. पण ज्यांच्याकडे ४एससाठीच्या २४०० ते २७०० केव्हीच्या मोटरी आहेत आणि बॅटरी ६एस घेतली, त्यांच्या मोटरी कोणत्याही ट्यूनवर तापणारच. त्यांनी प्रोफाइलमध्ये मोटर आउटपुट लिमिट ६७ टक्के ठेवावी. १६.८ ला २५.२ ने भागून आलेला हा आकडा आहे.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझी ४एस, १५०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी उन्हाळ्यात फुगली. अजून सहा मिनिटे उडते. वापरू का? नव्या बॅटरीची काळजी कशी घेऊ? (सोलापूर)

उत्तर : वापरू नकोस. फुगली म्हणजे आतले रसायन विघटित होऊन वायू झाला आहे, आणि तो परत जात नाही. उडताना किंवा चार्जिंगला ती पेट घेऊ शकते.

मोकळ्या जागी, वाळूच्या बादलीत ठेवून तिला गाडीचे १२ व्होल्टचे दोन दिवे सिरीजमध्ये जोड आणि दिवे विझेपर्यंत, मग रात्रभर तशीच राहू दे. ती जागा तुझ्या नजरेत आणि घरापासून दूर हवी. व्होल्टेज शून्याजवळ आले की कनेक्टरवर टेप लावून ई-कचरा संकलनात दे. घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, कारण घंटागाडीत ती चेपली गेली तर आग लागू शकते. कापलेली, ठेचलेली किंवा आधीच तापलेली बॅटरी मात्र दिव्याला जोडू नकोस. तिला वाळूत पुरून ठेव आणि घरातल्या मोठ्यांना लगेच सांग.

आता नवी. पूर्ण भरलेला सेल ४.२० व्होल्टचा. उडताना सेलमागे ३.५ व्होल्ट दिसले की खाली उतर. बॅटरीवरचा ताण गेला की तो आकडा ३.७ च्या आसपास परत येतो. ३.३ च्या खाली नेलीस तर बॅटरी दर वेळी थोडी मरते. चार्जिंग १सी ने, म्हणजे तुझ्या बॅटरीला १.५ अँपिअर, नेहमी बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरण्यासाठीची छोटी वायर) लावून. उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नकोस, खोलीच्या तापमानाला येऊ दे.

तुझी बॅटरी बहुधा या कारणाने फुगली असेल : पूर्ण भरून ठेवली, बेत रद्द झाला, आणि ती एप्रिल-मे महिन्यात कपाटात तशीच राहिली. दोन दिवसांत उडवणार नसशील तर चार्जरच्या स्टोरेज मोडने सेलमागे ३.८० ते ३.८५ वर, म्हणजे ४एसला १५.२ ते १५.४ व्होल्टवर आण. उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवायची नाही. चार्जिंग फरशीवर, पडदे-गाद्यांपासून लांब, आणि तू घरात जागा असतानाच.

एक छोटी वही ठेव. महिन्यातून एकदा प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध तारखेसह लिही. एक सेल बाकीच्यांपासून फुटून निघाला की ती बॅटरी निवृत्त कर. हे वहीतच दिसते, उडताना दिसते तोवर उशीर झालेला असतो.

प्रश्न : ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस) रिसीव्हर रेडिओला (हातातल्या रिमोटला) बाइंड होत नाही, म्हणजे जोडला जात नाही. चालू केल्यावर थोड्या वेळाने दिवा भराभर लुकलुकतो. (ठाणे)

उत्तर : भराभर लुकलुकतो म्हणजे रेडिओ न सापडल्याने तो एका मिनिटानंतर वायफायवर गेला आहे. दोन्हीकडच्या फर्मवेअरचा पहिला आकडा सारखा आहे का पाहा. रेडिओ ३ आणि रिसीव्हर २ असेल तर ते कधीच जुळणार नाहीत. आकडा सारखा असेल तर त्याच वायफायवरून १०.०.०.१ हे पान उघडून रेडिओत आहे तीच बाइंडिंग फ्रेज भरा, अगदी अक्षर न् अक्षर. रिसीव्हर कंट्रोलरवर जोडताना टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला) आणि आरएक्स टीएक्सला जातो, हेही एकदा बघून घ्या. आणि बाइंड झाले म्हणून लगेच उडवू नका. प्रॉप काढून आर्म करा, रेडिओ बंद करा आणि मोटरी थांबतात का ते पाहा. न थांबणारा क्वाड मैदानावर न्यायचा नाही.

प्रश्न : समुद्रकिनारी उडवतो. चार महिन्यांत कंट्रोलरवर हिरवट-पांढरा थर आला आणि आता जीपीएस मध्येच बंद पडतो. (रत्नागिरी)

उत्तर : तो थर म्हणजे खारी हवा आणि वीज यांनी मिळून खाल्लेले तांबे. बॅटरी काढा, बोर्ड सुटे करा, डिस्टिल्ड पाण्यात मऊ ब्रशने धुवा आणि मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी हुसकून काढा. एक दिवस पंख्याखाली सुकवा. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात. जीपीएसच्या कनेक्टरमधल्या पिना काळ्या पडल्या असतील तर कनेक्टर टाकून वायर सरळ सोल्डर करा.

नंतर ॲक्रिलिक किंवा सिलिकॉन कोटिंगचे दोन पातळ हात द्या. यूएसबीचे तोंड, बटणे, कनेक्टर आणि बॅरोमीटरचे बारीक भोक आधी टेपने झाका. बॅरोमीटर बुजला तर उंचीच कळणार नाही. कोटिंगमुळे क्वाड जलरोधक होत नाही, खारट दमटपणा तेवढा अडतो. वाळूत उतरवू नका, घरून जाड कापड किंवा फळी न्या. मोटरचे चुंबक काळी वाळू खेचून घेतात आणि ती घंटीत अडकली की वेटोळी सोलून निघतात.

प्रश्न : आर्डूपायलट या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर दहा इंची क्वाड केला. लॉइटर (जीपीएसने जागा धरणाऱ्या) मोडमध्ये एका जागी थांबण्याऐवजी गोल फिरतो आणि वर्तुळ मोठे होत जाते. गच्चीवर तीनदा कंपास कॅलिब्रेट केला. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोष गच्चीत आहे. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. तिथे केलेले कॅलिब्रेशन त्या सळ्यांचे असते, पृथ्वीचे नाही.

वर्तुळ का होते, ते असे. वाऱ्याने क्वाड पूर्वेला सरकला, तर त्याने पश्चिमेकडे ढकलले पाहिजे. पण त्याची उत्तर दिशा ४० अंशांनी चुकलेली असेल तर तो तिरपा ढकलतो, बाजूला सरकतो, ती नवी चूकही तिरपीच सुधारतो, आणि गोल फिरू लागतो. चूक जितकी ९० अंशांजवळ, तितके वर्तुळ वेगाने फुगते. असे झाले की लगेच अल्टहोल्ड (फक्त उंची धरणाऱ्या) मोडवर या. त्या मोडला जीपीएसची जागा लागत नाही. हा मोड रेडिओच्या अशा स्विचवर ठेवा की न बघता बोट तिथे जाईल.

कंपास मोकळ्या मैदानात, मोटारसायकल आणि गेटपासून दूर, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या बाजूला ठेवून पुन्हा कॅलिब्रेट करा. जीपीएस आणि कंपास किमान १० सेंटिमीटर उंच दांडीवर न्या. बॅटरीच्या धन-ऋण वायरी एकमेकींत पिळा, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बरीचशी खोडतात. तरी थ्रॉटल वाढवल्यावर दिशा सरकत असेल तर कंपासमॉट (मोटरींच्या विजेचा कंपासवरचा परिणाम मोजणारी) चाचणी करा. आणि बीटाफ्लाइटची सवय असेल तर सावध : इथे १ नंबर पुढची उजवी मोटर, २ मागची डावी, ३ पुढची डावी, ४ मागची उजवी.

लॉगमध्ये कंपनांचे आकडेही पाहा. ३० च्या खाली ठीक, ६० च्या वर गेले तर उंची धरण्यातही गडबड होईल.

प्रश्न : घरी बांधलेला क्वाड बॅटरीसह ६८० ग्रॅम भरतो. फक्त हौसेसाठी उडवायचा आहे. परवाना लागतो का? (पुणे)

उत्तर : २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जास्त आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन सूक्ष्म गटात येतो. तो व्यावसायिक कामासाठी नसेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. केवळ हौस, शिक्षण किंवा संशोधनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्रातूनही (त्या प्रकारच्या ड्रोनला मिळणाऱ्या मान्यतेतूनही) सूट आहे. नोंदणी करून ओळख क्रमांक घेण्याची बाब वेगळी आहे. ती सूट समजून सोडून देऊ नका. चित्रीकरणाचे पैसे घेतलेत की हौस संपली आणि नियम बदलले.

मोठा प्रश्न जागेचा. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. त्यापेक्षा जवळ पिवळा किंवा लाल भाग असतो. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारची. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे आणि खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), त्यामुळे पुण्यात घराजवळचे मैदान मोकळे असेल असे गृहीत धरू नका. नकाशा उडवण्याच्या दिवशीच पाहा आणि पोलिसांचा मनाई आदेश आहे का तेही विचारा. क्वाडच्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारा गॉगल लावून उडवणार असाल तर क्वाडकडे उघड्या डोळ्यांनी पाहणारा माणूस शेजारी उभा हवाच.

परदेशातून पूर्ण ड्रोन किंवा सुट्या भागांचा अख्खा संच मागवू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून अशा आयातीवर बंदी आहे. सुटे घटक मागवता येतात.

प्रश्न : घरी १६ मिनिटे उडणारा सात इंची क्वाड महाबळेश्वरला जानेवारीत १३ मिनिटेच उडाला. बॅटरी गेली का? (अलिबाग)

उत्तर : बहुधा नाही. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंच आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते, आणि तेवढ्याने तरंगत राहायला सुमारे ७ टक्के जास्त वीज लागते. म्हणजे एक मिनिट इथेच गेले. उरलेली दोन मिनिटे गार बॅटरी आणि कड्यावरचा वारा यांनी खाल्ली असतील. गारठ्यात बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज लवकर कोसळते. पुढच्या वेळी उडवेपर्यंत बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, कड्यापासून आत उडवा, आणि परतीचा अलार्म सेलमागे ३.५ ऐवजी ३.६ व्होल्टवर लावा. घरी परतल्यावर त्याच मैदानात पुन्हा मोजा. तिथे १५ मिनिटांच्या वर आले तर बॅटरी ठणठणीत आहे.